दमट हवेआधी एसीची झाडाझडती

उकाडा सुरू झाल्यावर मेकॅनिकची वाट पाहत बसण्यापेक्षा वसंतातच चार कामे उरकून घेतली, तर आरोग्य, वीज आणि पैसा तिन्ही वाचतात.

होळी झाली की रजया आणि स्वेटर उन्हे दाखवून पेटीत जातात. माठ घासूनपुसून स्वयंपाकघरात येतो. पंख्यांवरची धूळ निघते. एसीकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही. ऑक्टोबरात बंद केलेले यंत्र पाचसहा महिने भिंतीवर तसेच असते. मग पहिला उकाड्याचा दिवस उजाडतो, रिमोट शोधला जातो, बटण दाबले जाते आणि खोलीभर कुबट वास पसरतो. तासाभराने पलंगावर पाणी ठिबकू लागते. मेकॅनिकला फोन केला तर तो म्हणतो, ‘‘बहेनजी, चार दिवस तरी जमणार नाही.’’ चार दिवसांनी येतो, वरवर पाहतो आणि सांगतो, ‘‘गॅस कमी झालाय.’’

हा प्रसंग मुंबई, पुणे, नागपूर कुठेही घडतो. पण चंडीगडसारख्या शहरात, जिथे बँक, लष्कर, विद्यापीठ किंवा सरकारी नोकरीच्या निमित्ताने अनेक मराठी कुटुंबे बदलून जातात, तो जरा जास्तच महागात पडतो. कारण तिथला उन्हाळा आपल्याकडच्यासारखा नसतो.

एक नव्हे, दोन उन्हाळे

चंडीगडला फेब्रुवारी-मार्चमध्ये पश्चिमेकडून येणाऱ्या हवामानाच्या लाटांमुळे अधूनमधून पाऊस पडतो. दोन दिवस हवा ओलसर, भिंती गार आणि कपाटात कोंदट वास, असा तो काळ असतो. एप्रिलपासून हवा कोरडी होत जाते. मे-जूनमध्ये पारा चाळीसच्या वर जातो आणि ‘लू’ म्हणजे तापलेले कोरडे वारे वाहतात. जूनअखेर किंवा जुलैच्या सुरुवातीला पावसाळा येतो आणि दुसरा उन्हाळा सुरू होतो. तापमान कमी, पण अंग घामाने चिकट. ८-९ जुलै २०२३ ला तर या शहरात चोवीस तासांत ३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला होता. अशी चिकट हवा थेट सप्टेंबरपर्यंत टिकते.

पहिल्या उन्हाळ्यात कूलर उत्तम काम देतो. विदर्भातल्या वाचकांना वाळ्याच्या ताट्यांचा गारवा ठाऊक असेलच. पाणी वाफ होताना हवेतली उष्णता शोषून घेते, हेच त्यामागचे तत्त्व. हवा ४२ अंश तापलेली, पण आर्द्रता केवळ १५ टक्के असेल, तर पाण्याच्या बाष्पीभवनाने ती २२ अंशांच्या जवळपासपर्यंत थंड होऊ शकते. प्रत्यक्षात कूलर त्याच्या दोनचार अंश अलीकडेच थांबतो, तरी खोलीत हायसे वाटते. जुलैतल्या ३४ अंशांच्या, ७५ टक्के आर्द्रतेच्या हवेत मात्र हाच कूलर फार तर ३० अंशांपर्यंत पोहोचतो आणि वर खोलीत आणखी ओल भरतो. तेव्हा चादरी चिकटतात, मीठ पाझरते आणि लहान मुलांच्या मानेवर घामोळे उठते.

म्हणून चंडीगडच्या घरात एसीची खरी कसोटी मे महिन्यात नाही, जुलैत लागते. मुंबई आणि कोकणात तर ती मार्चपासूनच सुरू होते. तयारी करायची ती गारव्याइतकीच या दमटपणाचीही.

यंत्र जन्मले तेच दमटपणासाठी

एसी म्हणजे थंडावा देणारे यंत्र, असे आपण समजतो. पण त्याचा जन्म झाला तो हवा कोरडी करण्यासाठी. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात दमट हवेमुळे कागद फुगत आणि आकसत असे. रंगीत छपाईत एकावर एक छापले जाणारे रंग त्यामुळे जुळत नसत. विलिस कॅरियर नावाच्या पंचवीस वर्षांच्या इंजिनियरला यावर उपाय शोधायला सांगण्यात आले. त्याने थंड पाणी खेळवलेल्या नळ्यांवरून हवा फिरवली, हवेतली वाफ त्या नळ्यांवर पाणी होऊन साठली आणि छापखान्याची हवा कोरडी झाली. आजच्या वातानुकूलनाची सुरुवात इथेच झाली असे मानतात.

घरातला एसी आजही हेच करतो. उन्हाळ्यात थंड पाण्याच्या तांब्याबाहेर जसे थेंब जमतात, तसेच ते एसीच्या आतल्या थंड नळ्यांवर, म्हणजे कॉइलवर जमतात. तिथून ते खालच्या पन्हळीत आणि पन्हळीतून नळीवाटे बाहेर जातात. दमट दिवसांत दीड टनाचा एसी तासाला लिटरभर किंवा त्याहूनही अधिक पाणी काढतो. म्हणजे रात्रभरात बादली भरते. एवढे पाणी जिथून रोज वाहते ती जागा अस्वच्छ असेल, तर तिथे बुरशी आणि शेवाळ धरणारच. तीच हवा मग रात्रभर आपण श्वासातून घेतो. घरात दम्याचा रुग्ण, तान्हे मूल किंवा वृद्ध सासूसासरे असतील, तर सकाळच्या शिंका, खोकला आणि जड डोके यांचे कारण औषधांच्या कपाटात शोधण्याआधी एसीच्या जाळीत शोधावे.

शहराने दमटपणाचा विचार केला होता

चंडीगडची उभारणी पन्नासच्या दशकात सुरू झाली, तेव्हा घरोघरी एसी ही कल्पनाही नव्हती. शहराचे शिल्पकार ल कॉर्बुझिए यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर १९५१-५२ च्या सुमारास एक ‘हवामान तक्ता’ तयार केला होता. वर्षभरातले हवेचे तापमान, आर्द्रता, वारा आणि तापलेल्या पृष्ठभागांची उष्णता, अशा चार गोष्टी त्यात मांडून कोणत्या महिन्यात काय उपाय हवा हे ठरवले जाई. मॅक्सवेल फ्राय, जेन ड्रू आणि पिएर जानरे यांनी बांधलेल्या सरकारी घरांना खोल व्हरांडे, विटांच्या जाळ्या आणि समोरासमोर खिडक्या दिल्या गेल्या, त्या यामुळेच. कोरड्या दिवसांत सावली आणि दमट दिवसांत वारा, असा तो हिशेब होता.

आज त्यातले अनेक व्हरांडे काचा लावून बंद केले गेले आहेत आणि त्याच बंद व्हरांड्यात एसीचे बाहेरचे युनिट बसवलेले दिसते. ही मोठीच चूक आहे. बाहेरचे युनिट खोलीतली उष्णता बाहेर फेकते. ती कोंडून राहिली तर तीच तापलेली हवा पुन्हा यंत्रात शिरते, कंप्रेसरवर ताण येतो आणि वीज वाया जाते. तुमच्या घरी असे असेल, तर या वसंतात पहिले काम म्हणजे त्या युनिटसमोरच्या काचा काढून टाकणे किंवा युनिट मोकळ्या जागी हलवणे.

घरच्या घरी करण्याजोगे

बरेचसे काम कोणतीही गृहिणी अर्ध्या दिवसात करू शकते. एकच अट, आधी एसीचा मुख्य स्विच किंवा एमसीबी बंद करावा. नुसत्या रिमोटने बंद केलेल्या यंत्रात वीज असतेच.

फिल्टर : आतल्या युनिटचे पुढचे झाकण उचलले की बारीक जाळीचे फिल्टर हाताला येतात. ते बाहेर नेऊन आधी झटकावेत, मग नळाखाली उलट्या बाजूने धुवावेत, म्हणजे धूळ जाळीत आणखी रुतत नाही. चिकट मळ असेल तर कोमट पाण्यात थोडी धुण्याची पावडर टाकावी. कडकडीत पाणी आणि घासणी टाळावी. सावलीत पूर्ण वाळल्यावरच पुन्हा बसवावेत. ओला फिल्टर बसवणे म्हणजे बुरशीला आमंत्रण. मोसमात हे काम दर पंधरा दिवसांनी करावे. चंडीगडच्या आसपास बैसाखीच्या सुमारास गव्हाची कापणी आणि मळणी होते, हवेत भुसा आणि धूळ असते आणि मेमध्ये धुळीची वादळे येतात. त्या दिवसांत तर आठवड्याला एकदा फिल्टर पाहावाच.

आतले कॉइल : फिल्टरमागे अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पात्यांची जाळी दिसते. तिच्यावर धुळीचा थर असेल तर मऊ ब्रशने वरून खाली हलकेच झाडावे. आडवे घासल्यास पाती वाकतात. त्यांच्या कडा धारदार असतात, म्हणून हातमोजे घालावेत.

हवा बाहेर येते ती फट : टॉर्च मारून आत पाहावे. आतल्या गोल फिरत्या पंख्यावर काळे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. ती सुगंधी फवाऱ्याने जात नाही. पूर्ण धुलाईसाठी मेकॅनिकच हवा.

बाहेरचे युनिट : हिवाळ्यात घातलेले प्लॅस्टिकचे आवरण यंत्र सुरू करण्यापूर्वी काढावे. त्याखाली ओल साठते, उंदीर आणि पाली आसरा घेतात आणि तारा कुरतडल्या जातात. कबुतरांनी घरटे केले असेल तर पिल्ले उडून गेल्यावर ते हलवावे, म्हणून ही पाहणी फेब्रुवारी-मार्चमध्येच केलेली बरी. युनिटची जाळी बाहेरून हलक्या पाण्याने धुता येते, पण झाकण उघडू नये. आतल्या कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यानंतरही विद्युतभार राहतो आणि त्याचा जबर धक्का बसू शकतो. युनिट उंच भिंतीवर लटकत असेल, तर खिडकीतून वाकून साफ करण्याचे धाडस कुणीही करू नये.

पाणी जाते कुठे?

दमट दिवसांतल्या निम्म्या तक्रारी ठिबकणाऱ्या पाण्याच्या असतात आणि त्यांचे कारण बहुतेक वेळा साधे असते, तुंबलेली निचरा नळी. हिवाळाभर तिच्यात धूळ आणि चिकट साका वाळून बसतो. कोळी आणि गांधीलमाश्याही टोकाशी घर करतात.

तपासणी सोपी आहे. फिल्टर काढल्यावर कॉइलच्या खालच्या कडेशी, जिथे पन्हळ आहे तिथे, अर्धा मग पाणी सावकाश सोडावे. विजेच्या भागाकडे, म्हणजे बहुधा यंत्राच्या उजव्या टोकाला, पाणी जाऊ देऊ नये. दुसऱ्याने बाहेर नळीच्या टोकाशी उभे राहावे. पाणी लगेच आणि एकसारखे वाहिले तर ठीक. थेंब थेंब आले किंवा आलेच नाही, तर नळी साफ करून घ्यावी. थोडे कोमट पाणी किंवा कपभर व्हिनेगर सोडल्यास हलका साका निघतो. अ‍ॅसिड किंवा तीव्र फिनाइल मात्र कधीही ओतू नये. अ‍ॅल्युमिनियमची पाती त्याने खराब होतात.

नळीला सुरुवातीपासून शेवटपर्यंत उतार हवा. मध्येच ती वर चढून खाली आली असेल तर तिथे पाणी साचते. नळीचे टोक बादलीतल्या पाण्यात बुडालेले नसावे, नाहीतर हवा अडकून पाणी उलटे फिरते. आणि ते शेजाऱ्यांच्या गच्चीत किंवा खालच्या जिन्यावर सोडलेले नसावे. फ्लॅटच्या इमारतींमध्ये एसीच्या पाण्यावरून जुंपलेली भांडणे पावसाळाभर चालतात. दोनतीन मीटर जादा नळी घेऊन ती सांडपाण्याच्या पाइपापर्यंत नेली की शेजारधर्म टिकतो.

जमा झालेले पाणी फरशी पुसायला किंवा शोभेच्या झाडांना वापरता येते. पिण्यासाठी, स्वयंपाकासाठी किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीत ते वापरू नये. कॉइलवरची धूळ आणि धातूचे कण त्यात असतात.

‘गॅस कमी झालाय’

आता मेकॅनिकचा प्रश्न. फोन करणारी गृहिणी, घरात यंत्राची माहिती कुणालाच नाही आणि बाहेर ४० अंश तापमान. अशा वेळी सांगितलेली रक्कम निमूटपणे दिली जाते. ‘‘साहेब असताना या,’’ म्हणून परत पाठवले, तर साहेबांनाही त्यातले काही कळत नसते. म्हणून एक गोष्ट मनात पक्की करावी. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही की खर्च होत नाही. तो बंद नळ्यांत तोच तोच फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे आणि गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे. दर वर्षी ‘थोडा गॅस’ भरावा लागतो, हे म्हणणेच खोटे.

गारवा कमी होण्याची किंवा कॉइलवर बर्फ जमण्याची कारणे अनेक असतात. मळलेला फिल्टर हे त्यातले सर्वांत स्वस्त कारण आहे. हवा पुरेशी न मिळाल्यानेही बर्फ जमतो. म्हणून आधी सफाई, नंतर गॅसची तपासणी, हा क्रम सोडू नये.

गॅस खरोखरच भरायचा असेल, तर मेकॅनिकला नम्रपणे पण ठामपणे पुढील प्रश्न विचारावेत.

‘‘भाईसाहेब, गळती नेमकी कुठे आहे ते दाखवता का?’’ साबणाच्या फेसाने गळतीच्या जागी बुडबुडे दिसतात.

‘‘दुरुस्तीनंतर दाबाची चाचणी कशाने घेणार?’’ उत्तर नायट्रोजन असेच हवे. ऑक्सिजनने चाचणी घेतल्यास आतल्या तेलाशी संयोग होऊन स्फोट होऊ शकतो. ऑक्सिजनचा सिलिंडर आणलेला दिसला तर काम तिथेच थांबवावे.

‘‘गॅस भरण्यापूर्वी व्हॅक्यूम पंप लावणार ना?’’ नळ्यांतली हवा आणि ओल काढल्याशिवाय गॅस भरला, तर कंप्रेसरचे आयुष्य घटते.

‘‘कोणता गॅस आणि किती?’’ यंत्राच्या पाटीवर गॅसचे नाव आणि वजन छापलेले असते. जुन्या यंत्रांत आर-२२ असे. ओझोनच्या थराला तो हानिकारक असल्याने १९८७ च्या माँट्रियल करारानुसार त्याचा वापर टप्प्याटप्प्याने बंद होत आला आहे. नव्या यंत्रांत आर-३२, काहींत आर-४१०ए किंवा आर-२९० असतो. एकाच्या जागी दुसरा चालत नाही. आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे आणि आर-२९० म्हणजे प्रोपेन, तो तर चांगलाच ज्वलनशील. त्यांचे काम प्रशिक्षित माणसाकडूनच करून घ्यावे, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि गॅस वजनकाट्यावर मोजून भरला जातो की नाही ते पाहावे.

हे चार प्रश्न ऐकल्यावर प्रामाणिक मेकॅनिक रागावत नाही, उलट मन लावून काम करतो. दुसरा असेल तर त्याला समजते की या घरात यंत्राची माहिती आहे. पावती मात्र मागून घ्यावी आणि तिच्यावर केलेले काम, गॅसचे नाव व वजन लिहून घ्यावे.

वीज आणि सुरक्षितता

ओलसर हवेत विजेचे दोष अधिक धोक्याचे ठरतात. एसीचा प्लग काढून पाहावा. पिन काळ्या पडल्या असतील, सॉकेट वितळल्यासारखे दिसत असेल किंवा अर्धा तास चालल्यावर प्लग हाताला गरम लागत असेल, तर इलेक्ट्रिशियन बोलावून सॉकेट बदलावे. दीड टनाच्या एसीसाठी स्वतंत्र तार, स्वतंत्र एमसीबी आणि चांगले अर्थिंग असायलाच हवे. तार तांब्याची आणि साधारण चार चौरस मिलिमीटरची असावी. एक्स्टेन्शन बोर्डावर एसी चालवणे म्हणजे घराला आगीच्या तोंडी देणे. गळणाऱ्या विजेला क्षणात तोडणारा आरसीसीबी बसवून घेतला तर लहान मुलांच्या घरात मोठाच दिलासा मिळतो.

भाड्याच्या घरात तार जुनी असेल तर घरमालकाशी उन्हाळ्याआधीच बोलावे. खर्च कुणी करायचा, हा वाद जूनच्या रात्री फ्यूज उडाल्यावर सुटत नाही.

आधी खोलीतली ओल कमी करा

यंत्र कितीही चांगले असले तरी खोलीतच ओल तयार होत असेल तर ते थकते. बेडरूममध्ये ओले कपडे वाळत घालू नयेत. स्नानघराचे दार लावून घ्यावे आणि तिथला एक्झॉस्ट पंखा चालू ठेवावा. डाळभात शिजताना स्वयंपाकघराची खिडकी उघडी असावी. दारखिडक्यांच्या फटींना रबराची पट्टी लावावी, कारण दमट दिवसांत बाहेरून येणारी हवा स्वतःबरोबर पाणी घेऊन येते. खिडकीवर लावलेला कूलर बंद असला, तरी त्याच्या भोकातून ओलसर हवा आत येतच राहते. एसीच्या खोलीतला कूलर म्हणूनच काढून टाकावा किंवा त्यावर फळी बसवावी. एसी आणि कूलर एकाच खोलीत एकाच वेळी चालवणे म्हणजे एकाने पाणी काढायचे आणि दुसऱ्याने भरायचे.

सकाळी मात्र अर्धा तास खिडक्या उघडून खोलीत ताजी हवा खेळू द्यावी. बंद खोलीत साधारण एसी बाहेरची हवा आत आणत नाही, आतलीच फिरवतो, हे अनेकांना ठाऊक नसते.

वापरताना

दमटपणात लोक तापमान १८ वर आणतात, तरी अंग चिकटच राहते. दोष तापमानाचा नसून आर्द्रतेचा असतो. रिमोटवर ‘ड्राय’ असे बटण असते, थेंबाचे चित्र असलेले. पावसाळी, फारशा गरम नसलेल्या रात्री ते वापरावे. त्यात पंखा हळू फिरतो, हवा कॉइलजवळ जास्त वेळ राहते आणि पाणी अधिक निघते. भर उकाड्यात मात्र ‘कूल’च हवे.

तापमान २४ ते २६ अंशांवर ठेवून छताचा पंखा मंद चालवला की बहुतेकांना पुरेसे वाटते. स्टार लेबल असलेल्या नव्या एसींमध्ये १ जानेवारी २०२० पासून २४ अंश हेच मूळ तापमान ठरवून दिलेले आहे. तापमान एका अंशाने वाढवले तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा मंत्रालयाने म्हटले आहे. २० ऐवजी २५ वर यंत्र ठेवले, तर महिन्याच्या बिलात तो फरक सहज दिसेल.

नवा एसी घ्यायचा असेल तर ‘मोठा बरा’ हा विचार सोडावा. एक टन म्हणजे एक टन बर्फ चोवीस तासांत वितळायला लागेल तेवढी उष्णता ओढून घेण्याची क्षमता. लहान खोलीत दोन टनांचे यंत्र दहा मिनिटांत खोली गार करून थांबते, पण तेवढ्यात हवेतले पाणी निघतच नाही. खोली गार, तरी गादी ओलसर, असा अनुभव येतो. खोलीचे क्षेत्रफळ, वरचा मजला आणि पश्चिमेची भिंत सांगून विक्रेत्याकडून माप ठरवून घ्यावे.

एसी बंद करण्यापूर्वी पंधरावीस मिनिटे नुसता पंखा चालवावा. आतले ओले कॉइल त्याने वाळते आणि कुबट वास धरत नाही. काही नव्या यंत्रांत ही सोय आपोआप होते. तरीही वास येत असेल तर उदबत्ती किंवा रूम फ्रेशनरने तो झाकू नये. वास ही तक्रार आहे, ती ऐकावी.

ज्यांच्याकडे कूलर आहे

एसी नसणारी किंवा जूनपर्यंत कूलरवर भागवणारी कुटुंबे आजही असंख्य आहेत आणि कोरड्या हवेत ते शहाणपणाचेच आहे. कूलरची तयारीही वसंतातच करावी. जुने गवत किंवा वाळा बदलावा, टाकी घासून घ्यावी, पंपाची तार तपासावी आणि अर्थिंग जोडलेले आहे याची खात्री करावी. ओल्या कूलरच्या पत्र्याला हात लागून विजेचा धक्का बसल्याच्या घटना दर उन्हाळ्यात कानावर येतात. पाणी भरताना प्लग काढलेलाच असावा आणि हे मुलांनाही शिकवावे.

पाऊस सुरू झाला की कूलर रिकामा करून, पुसून, कोरडा ठेवावा. डेंग्यू पसरवणारा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि साधारण आठदहा दिवसांत नवा डास तयार होतो. म्हणून चालू कूलरही आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामा करून, कडा घासून वाळवावा. एसीखाली ठेवलेल्या बादलीलाही हाच नियम लावावा.

कधी काय करावे

फेब्रुवारीअखेर बाहेरच्या युनिटची पाहणी, आवरण काढणे आणि घरट्यांची व्यवस्था. होळीनंतर फिल्टर, कॉइल आणि नळीची सफाई, मग एखाद्या दुपारी अर्धा तास यंत्र चालवून गारवा, आवाज, वास आणि पाण्याचा निचरा पाहणे. काही दोष दिसला तर मार्चअखेर मेकॅनिकला बोलावणे. तेव्हा तो घाईत नसतो, भावही उतरलेले असतात आणि धुलाई नीट होते. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, पावसापूर्वी, नळीत पुन्हा अर्धा मग पाणी सोडून पाहणे. मुंबई आणि कोकणातल्या वाचकांनी हेच वेळापत्रक महिनाभर अलीकडे घ्यावे.

हे सारे कॅलेंडरवर लिहून ठेवावे आणि घरातल्या सर्वांनी वाटून घ्यावे. बारातेरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली, एमसीबी बंद असताना, फिल्टर सहज धुऊ शकेल. नवऱ्याने प्लग आणि तार पाहावी, आजोबांनी पावत्या एका फाइलीत लावाव्यात. यंत्र सर्वांना गारवा देते, तर त्याची काळजी एकट्या गृहिणीच्या गळ्यात का पडावी? जुलैतल्या एखाद्या चिकट रात्री खोलीत कोरडा, स्वच्छ वारा येत असेल आणि बाळ न रडता झोपलेले असेल, तेव्हा मार्चमधली ती अर्ध्या दिवसाची मेहनत सत्कारणी लागल्याचे घरातल्या प्रत्येकाला पटेल.